पोर्टफोलिओत काय ठेवावे आणि काय काढावे, म्हणजे हवे तसे काम येईल?

प्रश्न: इंटिरियर डिझायनर, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी गेली ११ वर्षे फोंड्यात स्वतंत्रपणे इंटिरियर डिझाइनची कामे करते. त्याआधी ३ वर्षे पणजीतील एका कार्यालयात नोकरी केली. माझा पोर्टफोलिओ म्हणजे ६४ पानांची एक पीडीएफ फाइल आणि इन्स्टाग्रामवरील एक पान. फाइलमध्ये एकूण २७ कामे आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कामे पर्वरी, मडगाव आणि वास्को येथील नव्या इमारतींमधील फ्लॅटची आहेत. बऱ्याच पानांवर प्रत्यक्ष फोटोंऐवजी थ्रीडी व्ह्यू (संगणकावर तयार केलेली चित्रे) आहेत, कारण ते काम सुरू होण्यापूर्वीच तयार असतात आणि काम संपल्यावर नीट फोटो काढण्यासाठी त्या घरी परत जाणे दर वेळी राहून जाते.

अडचण अशी आहे की, आठवड्याला चार-पाच विचारणा येतात, परंतु त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किचनचा स्क्वेअर फुटाचा रेट काय?’ हाच असतो. रेट कळवला की पुढे निरोप येत नाही. आला तरी दुसऱ्या कोणाच्या कमी रेटचे कोटेशन घेऊनच येतो. मला मनापासून जी कामे करायची आहेत ती वेगळी आहेत. जी माणसे स्वतः त्या घरात राहणार आहेत, ज्यांना जुने घर मोडून टाकण्यापेक्षा राहते करायचे आहे, किंवा जे फोंडा-डिचोली भागात स्वतःच्या जागेत पहिल्यांदाच घर बांधत आहेत, अशा कुटुंबांसोबत मला काम करायचे आहे.

अशी तीन कामे मी केलेली आहेत. एक माशेलजवळचे जुने चौकाचे घर, दुसरे हळदोण्यातील बाल्कांव (पुढच्या दारी बसायची जागा) असलेले पोर्तुगीज काळातील घर आणि तिसरा कुर्टीतील एका एकत्र कुटुंबाचा बंगला. ही कामे माझ्या फाइलमध्ये पन्नासाव्या पानानंतर येतात, कारण त्यांचे फोटो थोडे आहेत आणि तेही मोबाइलवर काढलेले आहेत. कुर्टीच्या घरात चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधण्यासाठी फॉल्स सीलिंगमधून थेट स्लॅबपर्यंत जाणाऱ्या कड्यांची सोय केली होती. त्यावर सुताराने आणि मी चांगला आठवडाभर विचार केला होता, पण फोटोत फक्त चार पितळी झाकणे दिसतात, म्हणून ते मी फाइलमध्ये घेतलेच नाही.

आता पावसाळ्यात साइटची कामे थोडी मंदावली आहेत, तेव्हा हा पोर्टफोलिओ नव्याने मांडावा असे ठरवले आहे. किती कामे ठेवावीत? फ्लॅटची कामे सरळ काढून टाकावीत का? थ्रीडी व्ह्यू ठेवावेत का? खर्चाचा आकडा लिहावा का? आणि मजकूर इंग्रजीत असावा की मराठीत? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

उत्तर १: मडगाव, या व्यवसायात २६ वर्षे

ताई, तुमचा प्रश्न वाचताना माझी स्वतःची दहा वर्षांपूर्वीची फाइल डोळ्यांपुढे आली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पोर्टफोलिओ हा आपण आजवर काय केले याचा हिशेब असतो, असे आपल्याला वाटते. पाहणारा मात्र तो वेगळ्या नजरेने पाहतो. ‘ही व्यक्ती माझ्यासाठी काय करील?’ एवढेच त्याला त्यातून ताडायचे असते. तुमच्या फाइलच्या पहिल्या पन्नास पानांत त्याला फ्लॅट आणि किचन दिसतात, म्हणून तो किचनचा रेट विचारतो. त्यात त्याची चूक नाही, कारण तुम्ही त्याला तोच प्रश्न सुचवला आहे. जी कामे पुन्हा करायची इच्छा नाही, ती कितीही देखणी झाली असली तरी त्यांचे फोटो पुढे ठेवू नयेत, हा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला आणि साधारण दीड वर्षात विचारणांचा सूर बदलला. त्यांची संख्या कमी झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझ्या मते सात-आठ कामे पुरेशी आहेत आणि त्यांतील पहिली तीन म्हणजे तुम्ही सांगितलेली माशेल, हळदोणे आणि कुर्टी. आज बहुतेक लोक आपली फाइल व्हॉट्सॲपवर, मोबाइलच्या पडद्यावर, दुसरे काहीतरी करत असताना उघडतात. पन्नासाव्या पानापर्यंत कोणीही पोचत नाही.

थ्रीडी व्ह्यूबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेत कपाटाचे दार फुगेल की नाही, भिंतीला बुरशी येईल की नाही, हे संगणकावरचे चित्र सांगू शकत नाही, आणि जुन्या घराच्या मालकाला नेमकी तीच धास्ती असते. व्ह्यू ठेवायचाच असेल तर त्याच कोपऱ्याचा प्रत्यक्ष फोटो शेजारी द्यावा आणि कोणते चित्र संगणकावरचे आहे ते स्पष्ट लिहावे. दोन्ही जुळत असतील तर त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. प्रत्यक्ष फोटो नसलेला व्ह्यू काढून टाकावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मजकूर. आपण सगळेच ‘आधुनिकता आणि गोमंतकीय परंपरेचा सुरेख संगम’ असे काहीतरी लिहून मोकळे होतो. हे वाक्य कोणत्याही घराखाली लावता येते, म्हणून ते कोणत्याच घराविषयी काही सांगत नाही. त्याऐवजी त्या घरात कोण राहते, त्यांना काय अडत होते, तुम्ही काय ठरवले, का ठरवले आणि कशाला हात लावला नाही, हे लिहावे. हळदोण्याच्या घराचे तपशील मला माहीत नाहीत, पण तशाच एका घराखाली मी लिहिलेला मजकूर नमुन्यादाखल देतो: ‘चिऱ्याच्या भिंतीवर पूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. त्यामुळे आतली ओल बाहेर पडायला वाट नव्हती आणि जमिनीपासून कमरेपर्यंत लोणा लागला होता. तेवढ्या भागातील सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला आणि भिंत पूर्ण वाळावी म्हणून रंगाचे काम एक उन्हाळा पुढे ढकलले. वायरिंगसाठी भिंती न फोडता ते लाकडी पट्टीतून बाहेरून नेले. लाल कोब्याची जमीन फक्त घासून, तेल-मेण लावून ठेवली. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्यांपैकी तीन दुरुस्त केल्या, चौथीला काच बसवावी लागली.’ शेवटचे वाक्य मुद्दाम वाचा. काच बसवावी लागली हे मी लपवले नाही. त्या एका वाक्यामुळे बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो, असे मला दोन ग्राहकांनी आपणहून सांगितले.

याच संदर्भात माझा एक अनुभव सांगतो. दोनापावला येथील समुद्राकडे तोंड असलेल्या एका घरात मी व्हिनियरची दारे केली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या कडा फुगल्या. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लाय) दर्जाचे असले तरी कडा नीट सील न झाल्याने पाणी तिथून शिरले होते. मी ती दारे स्वखर्चाने बदलून दिली. हे काम बरीच वर्षे मी पोर्टफोलिओपासून दूर ठेवले. आता मात्र ते आहे, दारे बदलल्यानंतर तीन पावसाळे काढलेल्या स्थितीतील फोटोसह आहे, आणि कडांचे काम आता कसे करतो हेही त्याखाली लिहिलेले आहे. तुम्हीही माशेलच्या घरी पुन्हा जा आणि आजच्या स्थितीतील फोटो घ्या. हँडओव्हरच्या दिवशी प्रत्येक घर सुंदरच दिसते. चार पावसाळ्यांनंतरचे घर दाखवू शकणारे डिझायनर आपल्याकडे फार थोडे आहेत.

माटोळीच्या कड्यांचे काम तुम्ही फाइलमध्ये घेतले नाही, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. नारळ, केळीचे घड, तोरिंगे, सुपारीची शिपटी असे सगळे बांधले की त्या चौकटीचे वजन किती होते, ते आपल्या घरी आपण पाहतोच. फॉल्स सीलिंग केल्यावर माटोळी कुठे बांधायची, हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक नव्या घरात चवथीच्या आदल्या दिवशी उभा राहतो आणि मग कोणीतरी स्टूलवर चढून जिप्समच्या पत्र्याला भोक पाडतो. तुम्ही ते आधीच ओळखले होते. तुम्हाला हवा असलेला ग्राहक हे पान पाहून थांबेल. चार झाकणांच्या फोटोसोबत स्लॅबमधील बोल्टचे साधे हाताने काढलेले रेखाचित्र द्या.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. नोकरीच्या काळातील कामे दाखवणार असाल तर ती त्या कार्यालयाची आहेत आणि त्यांत तुमचा वाटा नेमका कोणता होता, हे लिहावे. तसेच १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावता येत नाही. आपल्या क्षेत्रातील अनेक जण नकळत इन्स्टाग्रामवर ते लिहून बसलेले असतात. तुम्ही तसे केले असेल असे नव्हे, पण नव्याने मांडणी करतच आहात तर एकदा तपासून घ्या.

आणि शक्य झाले तर एखादी दुपार काढून पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेले ‘हाऊसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय पुन्हा पाहून या. गोमंतकीय घराच्या अवयवांची नावे तिथे एकत्र भेटतात. ज्याला आपण ‘सिट-आऊट’ लिहितो त्याला घरमालक बाल्कांव म्हणतो, आणि त्याचा शब्द आपल्या फाइलमध्ये दिसला की त्याला ही व्यक्ती आपल्या घराला ओळखते असे वाटते.

उत्तर २: छायाचित्रकार, पणजी

मी घरांचे आणि हॉटेलांचे फोटो काढतो, त्यामुळे फक्त फोटोंपुरते लिहितो. वरील मताशी सहमत आहे.

जुन्या घरांचे फोटो भर उन्हाळ्यात दुपारी काढू नयेत. शिंपल्यांच्या खिडकीतून येणारा प्रकाश दुधाळ आणि मंद असतो. बाहेर कडक ऊन असले की खिडकी पांढरी फटक होते आणि खोली काळोखी दिसते. पाऊस उघडल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस उत्तम. पावसाळ्यातही आभाळ भरलेले असताना आत फार मऊ उजेड असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, आयएसओ १०० वर, अर्धा-एक सेकंदाचे एक्स्पोजर घेतले तर लाल कोब्यावर पडलेले खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा येते. खोलीतील सर्व पिवळे दिवे आधी बंद करावेत. दिवसाचा उजेड आणि बल्बचा उजेड एकत्र आले की चुन्याची पांढरी भिंत अर्धी निळी, अर्धी नारिंगी दिसते.

कॅमेरा साधारण चार फूट उंचीवर, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ, आणि लेन्स २४ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी. त्याहून रुंद लेन्सने दहा फुटांची खोली वीस फुटांची दिसते. तो फोटो पाहून आलेला ग्राहक प्रत्यक्ष घर पाहतो तेव्हा त्याचा हिरमोड होतो, आणि दोष डिझायनरकडे जातो. प्रत्येक कामाचे एक दूरचे, दोन मधले आणि दोन अगदी जवळचे चित्र पुरते. जवळच्या चित्रांत हात पोचतो त्या गोष्टी घ्याव्यात: कडी, बिजागरी, दोन लाकडांचा जोड.

हक्कांबद्दल एक नेहमीचा गैरसमज दूर करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा प्रथम हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे घरमालकाने पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल तर ते फोटो आपोआप तुमचे होत नाहीत. तेव्हा कोण पैसे देणार आणि कोण कुठे वापरणार, हे आधी दोन ओळींत लिहून घ्यावे.

घरमालकाची परवानगी काम सुरू होतानाच करारात घ्यावी. काम संपल्यावर मागितली की ते संकोचाने हो म्हणतात आणि नंतर फोन करून फोटो हटवायला लावतात. वर्षातील आठ महिने बंद राहणाऱ्या घरांच्या बाबतीत तर मी गेट, कुलपे, घराचा नंबर आणि नेमके ठिकाण फोटोत येऊच देत नाही. ‘बार्देशमधील घर’ एवढे पुरे.

उत्तर ३: म्हापसा, ५ वर्षांपासून स्वतंत्र काम

मी वयाने आणि अनुभवाने लहान आहे, तरी पहिल्या उत्तरातील एका मुद्द्यावर आदरपूर्वक वेगळे मत मांडते. फ्लॅटची कामे पूर्णपणे काढून टाकली तर मधल्या काळात घर कसे चालवायचे? माझ्याकडे चार सुतार आणि एक पॉलिशवाला कायम असतात. जुन्या घराचे एक काम ठरायलाच सहा महिने जातात, कारण बहुतेक वेळा मालकी चार भावंडांत असते आणि एक भाऊ लिस्बनला, बहीण लंडनला असते. त्या सहा महिन्यांत त्या पाच जणांची मजुरी फ्लॅटच्या कामांतूनच निघते.

मी केलेली तडजोड अशी आहे. इन्स्टाग्रामवर आणि मुख्य फाइलमध्ये फक्त हवी तशी कामे ठेवली. फ्लॅटसाठी वेगळी चार पानांची फाइल केली, तिच्यात साहित्याचा दर्जा, हार्डवेअर, कामाला लागणारे दिवस आणि रेट सरळ लिहिले, आणि ती फक्त मागणाऱ्यालाच पाठवते. त्यामुळे रेट विचारणाऱ्याला पाच मिनिटांत उत्तर मिळते, आणि ज्याला परवडत नाही तो माझा आणि स्वतःचा वेळ न घालवता निघून जातो.

खर्चाचा आकडा मुख्य फाइलमध्येही असावा, असे मला वाटते. निदान ‘अमुक रकमेपासून पुढे’ एवढे तरी.

उत्तर १ देणाऱ्यांचे प्रत्युत्तर: मडगाव

दोन फाइलींची कल्पना माझ्या सल्ल्यापेक्षा चांगली आहे, हे मान्य करतो. कारागिरांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. माझ्याकडे कायम माणसे नाहीत, मी फक्त डिझाइन आणि देखरेख करतो, त्यामुळे माझे सोपे आहे.

आकड्याबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. जुन्या घराचे छप्पर उघडल्याशिवाय वासे किती कुजले आहेत आणि वाळवी कुठवर गेली आहे हे कळत नाही, तेव्हा एका घराचा खर्च दुसऱ्या घराला लागू पडत नाही, आणि लिहिलेला आकडा दोन वर्षांत जुना होतो. त्याऐवजी आपली फी कशी आकारली जाते, तिच्यात साइटच्या किती भेटी येतात, आणि पहिल्या पाहणीचे वेगळे पैसे घेता का, हे लिहावे. पहिल्या पाहणीची फी लिहिली की केवळ चौकशी करणारे आपोआप बाजूला होतात.

उत्तर ४: घरमालक, मूळची डिचोलीची, सध्या पुण्यात

मी या व्यवसायातील नाही. पण ताईंना ज्या प्रकारचा ग्राहक हवा आहे, तशीच मी आहे, म्हणून आम्ही कसे निवडले ते सांगते. कदाचित उपयोग होईल.

डिचोलीजवळचे आमचे घर माझ्या आजोबांच्या वेळचे आहे. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे आता मागीलदारी पायऱ्या उतरून जाणे जमत नाही, आणि आम्ही भावंडे सणाला आलो की झोपायला जागा पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातून तीन-चार डिझायनरांच्या फाइली मागवल्या. एका नामांकित कार्यालयाची फाइल फारच सुंदर होती: पोहण्याचे तलाव, मोठमोठ्या काचा, बांबूचे दिवे. मी ती दोनदा पाहिली आणि माझ्या लक्षात आले की तिच्यात कुठेही म्हातारे माणूस नाही, देवघर नाही, तुळस नाही, कपडे वाळत घालायची जागा नाही. वाईट होते असे नाही, ते आमच्यासाठी नव्हते. त्यांना मी फोनच केला नाही.

निर्णय शेवटी माझ्या वडिलांनी आणि थोरल्या वहिनींनी घेतला. हे डिझायनर मंडळींनी लक्षात ठेवावे असे वाटते. विचारणा करणारी व्यक्ती मी होते, इंग्रजी मजकूर मला वाचता येत होता, पण फाइल वडिलांच्या हातात गेली तेव्हा त्यांनी फक्त फोटो पाहिले आणि ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारत राहिले. ज्यांना आम्ही काम दिले त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक फोटोखाली मराठीत दोन-तीन वाक्ये होती. एका न्हाणीघराच्या फोटोखाली लिहिले होते की, घरातील आजींना वाकता येत नाही म्हणून नळ वर घेतला आहे, आणि दाराचा उंबरठा काढून उतार केला आहे. वडिलांनी ते स्वतः वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘यांना बोलाव.’

मी त्या फाइलमधील एकही सोफा किंवा रंग आज आठवून सांगू शकणार नाही. तो नळ मात्र आठवतो.

माटोळीबद्दल वर लिहिले आहे, त्यात भर घालते. आमच्या घरी जुन्या तुळईला लोखंडी कड्या आहेत आणि छताचे काम करताना त्या जातील की काय, ही वहिनींची पहिली काळजी होती. त्यांनी ती डिझायनरांना सांगितली नाही, मला सांगितली. अशा गोष्टी घरातील माणसे बाहेरच्या माणसाला सांगायला संकोचतात, त्यांना वाटते की समोरच्याला हे क्षुल्लक वाटेल. तुमच्या फाइलमध्ये ते पान आधीच असेल तर त्यांना बोलावे लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती: फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कारण त्या दिवसांत यातील काही गोष्टी करून पाहिल्या.

फाइल ६४ पानांवरून २२ पानांवर आली आहे. सात कामे ठेवली. म्हापशाच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे फ्लॅटची वेगळी पाच पानांची फाइल केली आणि तिच्यात रेट लिहिले. मुख्य फाइलमध्ये आकडा लिहिलेला नाही, पहिल्या पाहणीची फी आणि तिच्यात काय येते ते लिहिले आहे. प्रत्येक पानावर मराठी मजकूर वर आणि इंग्रजी खाली ठेवला आहे. प्रत्यक्ष फोटो नसलेले सर्व व्ह्यू काढले, आणि ते काढताना वाटले होते त्यापेक्षा जड गेले, कारण त्यांतील काहींवर मी रात्री जागून काम केले होते.

माशेलच्या घरी काम पूर्ण होऊन सहा वर्षे झाली, तिथे मागच्या रविवारी भर पावसात जाऊन आले. चौकाच्या कडेने आम्ही पाणी वाहून जाण्यासाठी चिऱ्याची पन्हळ केली होती, ती व्यवस्थित वाहत होती आणि तिच्या काठावर घरातील मुलांच्या होड्या अडकल्या होत्या. ओसरीवरच्या एका खांबाच्या तळाशी मात्र ओल चढलेली दिसली. तिचाही फोटो काढला. तिथे दगडी बैठक द्यायला हवी होती, हे आता कळते. घरमालकांशी बोलून दिवाळीनंतर ती दुरुस्ती करून द्यायचे ठरले आहे, आणि ती झाल्यावर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी देणार आहे. हळदोण्याच्या घराचे फोटो पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरमध्ये काढून घेईन.

कुर्टीच्या कुटुंबाला फोन केला. स्लॅबमधील बोल्टचे रेखाचित्र माझ्या जुन्या वहीत सापडले, तेच जसेच्या तसे स्कॅन करून घेतले आहे. यंदाच्या चवथीला माटोळी बांधलेल्या स्थितीत फोटो काढू द्याल का, असे विचारले तेव्हा घरातील सर्वांत वडीलधाऱ्या आजींनी एकच अट घातली: फोटो गणपती घरात येण्याआधी काढायचा, पूजेच्या जागेचा फोटो लोकांना दाखवायला नको. माटोळी त्यांच्याकडे आदल्या दिवशी दुपारपर्यंत बांधून होते आणि मूर्ती दुसऱ्या दिवशी सकाळी आणतात. म्हणजे आम्हाला आदल्या दिवशीचे तीन ते पाच हे दोन तास मिळतात.

पणजीच्या छायाचित्रकारांना एक प्रश्न आहे. त्या हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे आणि तेव्हा आभाळ भरलेले असेल की ऊन असेल, हे सांगता येत नाही. ऊन असेल तर खिडकीवर पातळ पांढरे कापड लावून काम भागेल का, आणि खाली उभे राहून कड्या आणि वरची झाकणे एकाच फोटोत घ्यायची असतील तर कॅमेरा चार फुटांवरून किती खाली आणावा? तुम्हाला त्या दिवशी वेळ असेल तर येण्याचे मानधनही कळवा. आजींनी सुपारीची शिपटी आणि आंबाडे बांधताना मदतीला एक माणूस जास्त लागतो असेही सांगितले आहे, तेव्हा मी सकाळपासून तिथेच असेन.